पुढचा पाय

हेदरने कोपरं गवतात रुतवली, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि श्वास रोखून धरला. खालच्या घळीत, बीचच्या झाडांखाली, वारा नसताना नेच्यांचा एक पुंजका हलत होता.

"सांग," शेजारून बाबा पुटपुटले.

"डोकं."

"पुढं."

"मान. खांदा."

"पुढचा पाय?"

ती थांबली. नेचे आडवे आले होते.

"नाही दिसत."

"मग बोट चापापासून लांब."

बोट लांबच होतं. चाळिशी ओलांडलेल्या बाईला हे सांगायची काही गरज नव्हती; पण बाबा दर वर्षी सांगत आणि ती दर वर्षी ऐकून घेई. डोकं, मान, खांदा, पुढचा पाय. चारही दिसले पाहिजेत, ते तोंडाने म्हटले पाहिजेत आणि शेजारच्याने स्वतः बघून 'दिसतंय' म्हटलं पाहिजे. तोवर बंदुकीला हात लावायचा नाही. बघायचं ते गळ्यातल्या दुर्बिणीतून, बंदुकीवरच्या दुर्बिणीतून कधीच नाही.

नेचे पुन्हा हलले. खाली ओढ्यात दगड घरंगळल्याचा आवाज आला आणि मग काहीच ऐकू आलं नाही.

"गेला," ती म्हणाली.

"जाऊ दे. बायका वाट बघत असतील त्याच्या."

"आणि आपला फ्रीज?"

"त्याला चीज रोल खाऊ घाल."

बाबांनी गाईचं शिंग बाजूला ठेवलं. टोक कापलेल्या त्या शिंगातून ते असे डुरकत, की एप्रिलच्या हंगामात माजलेला हरणाचा कुठलाही नर डोंगराच्या पलीकडून भांडायला येई. आजचाही आला होता. त्यांनी थर्मासमधला चहा ओतला. मग कोटाच्या आतल्या खिशातून मेणकापडाची एक पुरचुंडी काढली, ती सोडली आणि आतला बंदुकीचा बोल्ट, गोळी आत सरकवणारा पोलादी दांडा, चिंधीने पुसू लागले. दोघांच्या बंदुका शेजारीच पडल्या होत्या, आपापल्या बोल्टसकट.

"हा कुठला?" हेदरने विचारलं.

"जुना आहे."

"मग त्याला कशाला तेल?"

"जुन्यालाच लागतं. मला विचार. गुडघ्यांना."

त्यांनी पुरचुंडी पुन्हा आत ठेवली. उतरताना ते दोनदा थांबले, दोन्ही वेळा बुटाच्या नाडीचं निमित्त करून. पिकअपशी पोचल्यावर दाराला टेकून म्हणाले, "इवनचा फोन?"

"नाताळात आला होता ना. तुम्हीच बोललात."

"हं," बाबा म्हणाले आणि गाडीत बसले.

तो शनिवार होता. मंगळवारी सकाळी ती मेंढ्यांकडे जाऊन परतली, तेव्हा बाबा मागच्या दाराच्या बाकावर बसलेले होते. एका पायात बूट होता. दुसरा हातात होता.

इवन पर्थहून आला. तिचा मोठा भाऊ. खाणीत काम करून त्याचे खांदे रुंद झाले होते आणि अंगातलं काळं जाकीट कुणाचं तरी उसनं होतं. दफनाच्या वेळी तो शेवटच्या रांगेत उभा राहिला. नंतर गावच्या हॉलमध्ये बायका चीज रोलचे ट्रे फिरवत होत्या, पुरुष बाबांनी मारलेल्या नरांच्या शिंगांची लांबी हाताने दाखवत होते. हा खिडकीपाशी चहाचा कप धरून उभा होता, जसा कुणी बसची वाट बघत उभा राहतो.

"घरी राहा की. तुझी खोली आहे अजून."

"मोटेलचे पैसे भरलेत," तो म्हणाला. "रविवारी विमान आहे."

तिने आग्रह केला नाही. त्या घरात आग्रह करायची पद्धत नव्हती.

शनिवारी उजाडताना ती एकटीच वर गेली. बाबांचा कोट घातला, शिंग घेतलं. बंदूकही घेतली, ती नसती तर खांदा मोकळा मोकळा वाटला असता. गवत बाबांच्या अंगाखाली दबलं होतं तसंच होतं. ती आपल्या बाजूला बसली, त्यांची जागा मोकळी ठेवून. बंदुकीचा बोल्ट काढून खिशात टाकला. तो काढला की बंदूक म्हणजे नुसती काठी. मारायचं काहीच नव्हतं.

हात गारठले म्हणून तिने ते कोटात खुपसले, तेव्हा पुरचुंडी बोटांना लागली.

तिने मेणकापड उलगडलं. बोल्टच्या मुठीवर खिळ्याने कोरलेलं इवनच्या नावाचं वाकडं अक्षर होतं. ते कोरताना ती शेजारी बसली होती. इवन पंधरा वर्षांचा होता आणि बंदूक वाढदिवसाची होती.

पुढच्याच हंगामात ते घडलं. बाबा मुलांना डोंगराच्या या सोंडेवर बसवून घळीत उतरले होते. खालून डुरकून नर कसा वर हाकायचा, ते दाखवायला. ते डुरकले. वरून इवनने उत्तर दिलं. पुन्हा खालून डुरकी आली, पण वेगळ्या जागेवरून, फार जवळून. झाडी हलली आणि इवनने गोळी झाडली.

फांदी तुटली ती बाबांच्या डोक्यावर वीतभर. ते वर चढून आले. इवनच्या हातातून बंदूक घेतली, बोल्ट काढला, खिशात टाकला. ओरडले नाहीत. शेजारी पालथ्या पडलेल्या तेरा वर्षांच्या हेदरला कुणी काही विचारलं नाही. घरी जाताना गाडीत फक्त वायपरचा आवाज होता. पुढल्या वर्षी बाबांनी तिला एकटीलाच नेलं आणि वाटेत चार शब्द पाठ करून घेतले. इवनला त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. त्यानेही विचारलं नाही. अठराव्या वर्षी तो समुद्रापलीकडे गेला.

तो बोल्ट इतकी वर्षं दर हंगामात डोंगर चढून आला होता.

हेदरने शिंग तोंडाला लावलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. आवाज निघाला तो पातळ, मध्येच फाटलेला. समोरच्या कड्यावर आपटून तो तसाच परत आला. तिने शिंग खाली ठेवलं. शेजारी हसणारं कुणी नव्हतं.

मग खालच्या घळीतून उत्तर आलं.

लांब, घोगरी, दमदार डुरकी. नेच्यांचा पुंजका हलला. हेदरने दुर्बीण उचलली. कुणी 'सांग' म्हणेल म्हणून ती क्षणभर थांबली. मग स्वतःच मोठ्याने म्हणाली, "डोकं."

डोक्यावर नारिंगी टोपी होती.

"मान. खांदा."

पुढचा पाय नव्हता. हात होता, आणि तो हलत होता.

इवन धापा टाकत वर आला. गुडघ्यांपर्यंत भिजला होता. हातात डुरकायला घेतलेला पाण्याच्या नळाचा तुकडा.

"ती काय डुरकी होती?" तो म्हणाला. "म्हातारी गाय अडलीय असं वाटलं."

"आणि तू आलास."

"डॉक्टर म्हणून आलो."

"मूर्खा, मी गोळी घातली असती तर?"

"नसती घातलीस. डोकं, मान, खांदा, पुढचा पाय."

"तुला कुणी शिकवलं ते?"

"नाताळच्या फोनवर," इवन म्हणाला. "दर वर्षी. पाऊस किती झाला, मेंढ्या किती, आणि शेवटी ते चार शब्द. माझ्याकडून म्हणवून घ्यायचे. पर्थमध्ये, पोहण्याच्या तलावाशेजारी उभा राहून मी म्हणायचो. बायकोला वाटे, आमची काही प्रार्थना आहे."

तो बाबांच्या जागेवर बसायला निघाला, मग थबकला आणि पलीकडे बसला. मधली जागा तशीच राहिली. हेदरने त्या जागेवरून हात लांब करून मेणकापड त्याच्यापुढे धरलं.

त्याने बोल्ट ओळखायला वेळ लावला नाही. अंगठा सरळ अक्षरावर गेला.

"मला वाटलं, ओढ्यात फेकला असेल."

"आतल्या खिशात होता. गेल्या शनिवारीही पुसला, इथंच बसून. मी विचारलं तर म्हणाले, जुना आहे."

इवन बराच वेळ बोल्ट तळहातावर फिरवत राहिला. घळीतलं धुकं वर येऊ लागलं होतं. दूर कुठेतरी एक खराखुरा नर डुरकला. दोघांनीही तिकडे मान वळवली नाही.

"एकदा तरी त्यांनी ओरडायला हवं होतं," तो म्हणाला. "मला वाटायचं, त्यांना वाटतंय की मी बघितलंच नाही. मी बघितलं होतं गं. शिंगंसुद्धा दिसली होती मला. इतकी वर्षं तीच दिसतात. नसलेली शिंगं. वेड्या माणसालाच दिसतात ना अशी?"

हेदरने थर्मासचं झाकण फिरवायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडलं.

"मी तुझ्या शेजारी होते, इवन," ती म्हणाली. "मलाही दिसलं होतं. मलाही हरीणच दिसलं होतं."