राखीची पात

मी वल्हं मारत नाही. मागच्या टोकाला बसून सुकाणू धरते आणि चौघींवर ओरडते. तीन वर्षं ओरडतेय, आणि तीन वर्षांत आमच्या कॉलेजची होडी एकदाही शर्यतीच्या शेवटच्या रेषेपर्यंत पोचलेली नाही. दरवेळी तिरकी होऊन काठच्या बेशरमाच्या झुडपांत घुसते. यंदा विद्यापीठानं सरळ सांगितलं, शर्यत पूर्ण करा, नाहीतर होडी परत करा. माझं हे शेवटचं वर्ष.

कारण एकच, राखी. बुलढाण्यातल्या टायरच्या दुकानातली मुलगी, दंड असे की बघत राहावं. चौघींनी एका ठेक्यात ओढायचं असतं. ही बाई दीडपट ओढणार, होडी गरकन वळणार. मी घसा फोडून सांगायची, "राखे, हळू!"

"मी काऊन हळू मारू? या तिघीयले सांग ना जोरात मारा म्हणून!"

त्यात शर्यतीला आठ दिवस उरले असताना चौघींतली छाया धरणावर सरावाला यायची बंद झाली. तणतणत देऊळघाटला तिच्या घरी गेले, तर तिची आई जनकाबाई शांतपणे म्हणाली, "निंदण झालं का धाडतो तिले."

"कधी होईन?"

"निंदण झालं का सोयाबीन, सोयाबीन झालं का कापूस."

"मावशी, कापूस होईपर्यंत धरणात पाणी राह्यते का?"

"मंग तुमी सगळ्या या ना निंदाले. एका दिवसात मोकळी करतो तिले."

डोक्याला हात लावला मी. पण रविवारी सगळ्या तण काढायला गेलो. बायका ओळीनं बसल्या, प्रत्येकीनं पिकाची एकेक ओळ, आपापली पात धरली आणि खुरपी चालू लागली. अर्ध्या तासात राखी सगळ्यांच्या मागं. हाताला फोड आले, गवत समजून तिनं कपाशीच्या दोन पऱ्हाट्याही उपटल्या. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

बायका शेताच्या बांधाशी, धुऱ्यावर पोचल्या. आता चहा, असं मला वाटलं. पण कोणी बसेचना. जनकाबाई वळली आणि राखीची पात उलट्या टोकाकडून निंदू लागली. तिच्या मागोमाग बाकीच्या. 'उरक' म्हणून कोणी बोललं नाही. राखीनं मान खाली घातली, तिचे डोळे भरून आले होते.

"सगळ्या पोचल्याबिगर धुऱ्यावर कोणी बसत नाही," छाया मला म्हणाली. राखीची पात संपली तेव्हा किटली उघडली.

वाटलं, आता तरी ही सुधारेल. कशाची सुधारते! दुसऱ्या दिवशी पुन्हा बेशरमात. त्या आठवड्यात माझा आवाज पार बसला.

शर्यत आमच्याच धरणावर होती. पाच होड्या. अर्धं अंतर गेलं आणि राखीच्या पुढ्यात बसणाऱ्या जयमालाचं वल्हं पाण्यात अडकलं. झालं, आता राखी तिच्या वाटचं पण ओढणार आणि आम्ही झुडपात. मी तोंड उघडलं, पण घशातून आवाजच निघेना.

राखीनं वल्हं पाण्याबाहेर उचललं आणि तसंच धरून ठेवलं. समोर जयमाला धडपडत होती, तिच्या पाठीकडे बघत ही थांबून राहिली. जयमालाचं वल्हं सुटलं, तिनं ते पुन्हा पाण्यात घातलं, त्याच क्षणी राखीनंही घातलं. होडी सरळ निघाली. माझ्या हातातलं सुकाणू मला हलवावंही लागलं नाही.

बाकीच्या चार होड्यांतल्या मुली काठावर केळी खात होत्या तेव्हा आम्ही रेषा ओलांडली. मी हमसून हमसून रडत होते.

छायाला न्यायला आलेली जनकाबाई काठावर उभी होती. "कितव्या आल्या व?"

"पाचव्या. शेवटच्या."

"असू दे. सगळ्या संगं आल्या ना."

माझी पुन्हा चिडचिड झाली. "मावशी, एका होडीत बसून येगयेगळ्या कशा येतीन?"

"तीन वर्सं तशाच तं येऊन राह्यल्या होत्या," ती म्हणाली, आणि राखीच्या हातावरचे फोड बघायला खाली वाकली.