झाकण जरा घट्ट आहे

सकाळची भांडी आवरली, की या घरची सून फोन घेऊन टेबलाशी बसे आणि कधीही न पाहिलेल्या वस्तूंचं कौतुक लिही. मिक्सर, गाद्या, इस्त्री, काय वाट्टेल ते. रिव्ह्यूमागे पैसे देणाऱ्या एका ग्रुपवर यादी येई, त्यातल्या वस्तूंवर वेगवेगळ्या नावांनी रिव्ह्यू टाकायचे. ती यात तरबेज होती. पाचच्या पाच स्टार कधी द्यायची नाही. चार द्यायचे आणि बारीकशी कुरकुर करायची: खोका चेपलेला आला, रंग फिका निघाला. कुरकुर असली, की लोकांना खरं वाटतं.

"अगं, पण हे आपण वापरलंय कुठे?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

"आई, सगळेच लिहितात. कुणाचं काय बिघडतंय?"

तिला यात काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगा, तुम्हाआम्हाला तरी कुठे वाटतं?

एकदा यादीत रक्तातली साखर तपासायचं मशीन आलं. तिने लिहिलं, 'झाकण जरा घट्ट आहे, पण आकडा दवाखान्यासारखा तंतोतंत. आमच्या सासूबाई आता निर्धास्त!' आणि ती पुढच्या वस्तूकडे वळली. पडदे होते.

महिन्याभराने नणंद आपल्या मधुमेही आईसाठी तसलंच मशीन घेऊन आली. सुनेने खोक्याकडे नीट पाहिलंही नाही. आकडा रोज चांगला येई. सासूबाई खूश, चहात साखर परत आली, डॉक्टरकडे जाणं लांबत गेलं. मग चपलेने अंगठ्याला जखम झाली, ती भरेचना. "साखर ताब्यात आहे ना, भरेल," असं सगळेच म्हणत राहिले. शेवटी दवाखान्यात नेलं, तर साखर मशीनच्या आकड्याच्या तिप्पट. पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

बाहेरच्या बाकावर नणंद सारखी तेच तेच बोलत होती. "मी डोळे झाकून नाही गं घेतलं, वहिनी. पाच स्टारवाले सगळे विकलेले असतात, मला कळतं. मी तक्रार करणाऱ्यांचंच वाचलं. हे बघ."

सुनेने पाहिलं. झाकण जरा घट्ट आहे.

तिला रडू आलं नाही. मांडीवरच्या चादरीची घडी तिने मोडली, पुन्हा घातली.

"हे मी लिहिलंय," ती म्हणाली.

"काय?"

"हे. झाकणाचं. मी लिहिलंय."

नणंदेने आरडाओरडा केला नाही. फोन पर्समध्ये टाकला आणि ती उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. शेजारी बसलेला सुनेचा नवरा हळूच म्हणाला, "आईला काही सांगू नकोस हं. झालं ते झालं. आता सांगून पाय परत येणारे का?"

तिने आठ दिवस सांगितलं नाही. वाटी भरवली, पट्टी बदलली, उशी सारखी केली. नवव्या दिवशी ग्रुपवर नवी यादी आली आणि त्यात तेच मशीन पुन्हा होतं. तिने ग्रुप सोडला, मशीन उचललं आणि सासूबाईंच्या खाटेवर बसून सगळं सांगितलं.

सासूबाईंनी पांघरुणाकडे, जिथे ते सपाट झालं होतं तिथे, पाहिलं.

"सासूबाई निर्धास्त, असं लिहिलंस?"

"हो."

"मला विचारायचंस की गं. मी इथेच तर होते, बाजूच्या खोलीत."

सुनेने मशीन दोघींच्या मधे ठेवलं.

"आता लिही," सासूबाई म्हणाल्या. "पाय गेला, ते लिही. मी सांगते तसं लिही."

तिने एक स्टार दिला आणि सासूबाई बोलतील ते लिहीत गेली. दुसऱ्या दिवशी तो रिव्ह्यू काढून टाकलेला होता. तिने पुन्हा लिहिला. तो आता ती रोज लिहिते, भांडी आवरल्यावर, त्याच टेबलाशी, स्वतःच्या नावाने.

त्या पहिल्या दिवशी, रिव्ह्यू टाकण्याआधी, तिने एकदाच हात थांबवला होता. मशीन तिने पहिल्यांदाच हातात धरलं होतं. तिने झाकण उघडून पाहिलं.

ते सैल होतं.