मालकाच्या तोंडाला कुलूप

माझे सासरे तात्यासाहेब यांच्या तोंडामुळे आमची टीम दोन फायनल हरली. पोरं जीव तोडून खेळली, पण सासऱ्यांच्या बोलण्यानं घात केला, हे मी कुणापुढंही सांगायला तयार आहे.

आमची टीम म्हणजे बजाजनगर इलेव्हन. वाळूजच्या कंपन्यांत तीन पाळ्यांत राबायचं आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉल खेळायचा, अशी पोरं. कॅप्टन सांडू वेल्डर आहे, वय छत्तीस, उजव्या गुडघ्याला कायम पट्टा. मला स्वतःला खेळता येत नाही, पण अकरा वर्षांत यांची एकही मॅच मी चुकवली नाही. आणि ही टीम सासऱ्यांच्या हाती दिली तीही मीच. माझ्याच लग्नाच्या मांडवात त्यांची सांडूशी गाठ घालून दिली. खुलताबादकडं बागायती शेती, वाळूजला ट्रकांचा धंदा, हात सढळ. त्यांनी पोरांना बूट दिले, जर्सी दिल्या आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःला मालक म्हणवून घ्यायला लागले. बूट चांगले निघाले. मालकानं मात्र आमचा जीव खाल्ला.

पहिल्या वर्षी फायनलच्या आदल्या दिवशी एका यूट्यूब चॅनेलवाल्यापुढं ते म्हणाले, "छावणीच्या पोरांना आमची पोरं बॉल दिसू बी देणार नाय. घरी जाताना रडत जातील!" छावणीच्या टीमनं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून पाहिला आणि आम्हाला तीन गोल मारले. दुसऱ्या वर्षी तर मॅच व्हायच्या आधीच चौकात फ्लेक्स लागला, 'विजयी संघाचे हार्दिक अभिनंदन'. त्यावर सगळ्यात मोठा फोटो मालकाचा. छावणीचा कॅप्टन बद्रीनाथ आपल्या पोरांना घेऊन त्या फ्लेक्ससमोर उभा राहिला, फोटो काढला आणि शेवटच्या मिनिटाला आम्हाला गोल घातला.

त्या दिवशी सगळे निघून गेले तरी सांडू मैदानातच बसून होता. मी उठवायला गेलो तर म्हणाला, "कडूबा, त्यांच्या अकरा जणांना मी अडवीन रे. तुझ्या सासऱ्याला कोण अडवणार?"

मला असा संताप आला होता की घरी जाऊन मी बायकोशीच भांडलो.

यंदा तिसरी फायनल, पुन्हा छावणीशीच. सांडूच्या गुडघ्यापुढं डॉक्टरनं हात टेकले होते. ही त्याची शेवटची मॅच, आणि त्याच्या हातात कप पडलेला मला बघायचा होता. बाकी मला काही नको होतं. तिकडं मालकानं चॅनेलवाल्याला आधीच बोलावून ठेवलं होतं. मी बायकोला, आशाला म्हटलं, तुझ्या वडलांना जरा समजाव. ती म्हणाली, "मी समजावू? त्यांनी जन्मात कुणाचं ऐकलंय का?"

पण अधिक महिना लागला होता. तीन वर्षांनी येणारा हा धोंड्याचा महिना, जावयाला देव मानून जेवू घालायचा. लग्नानंतरचं आमचं हे पहिलंच धोंड्याचं जेवण, तेही फायनलच्या चार दिवस आधी. तात्यासाहेबांनी स्वतः माझे पाय धुतले. सासूबाई चतुराबाईंनी ओवाळलं. ताटात पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार, बाजूला तेहतीस अनारसे. मग तात्यासाहेबांनी सोन्याची अंगठी पुढं केली.

"घ्या जावईबापू. आन् अजून काय पाहिजे ते मागा. या तात्यासाहेबाच्या दारातून जावई नाराज गेला, असं कधी व्हायचं नाय!"

बढाई मारायच्या नादात माणूस आपणहून माझ्या हाती सापडला होता.

"अंगठी नको, मामा," मी म्हणालो. "फायनलची शेवटची शिट्टी वाजेस्तोवर टीमबद्दल एक शब्द बोलायचा नाय. चॅनेलवर नाय, फ्लेक्सवर नाय, चौकात बी नाय."

तात्यासाहेब लालबुंद झाले. "मालकानं नाय बोलायचं, तर कुणी बोलायचं?"

"अहो, धोंड्याच्या ताटावर बसून जावयानं मागितलंय," चतुराबाई म्हणाल्या. "मुकाट्यानं व्हय म्हणा. मला बी चार दिवस निवांत मिळतील."

कडू काढा गिळावा तसे ते "व्हय" म्हणाले.

आणि माणसानं शब्द पाळला! चॅनेलवाला आला, तर त्याला गोठ्यात नेऊन वीस मिनिटं म्हशीच्या दुधाबद्दल बोलले. फ्लेक्सवाल्यानं दोनदा फोन केला, यंदा काही नाही का म्हणून. तिसऱ्या दिवशी तर खुद्द बद्रीनाथ मला चहाच्या गाड्यावर गाठायला आला.

"कडूबाभाऊ, तात्यासाहेब गप्प कामून हायेत? बाहेरून कुणी तगडा प्लेयर आणलाय का?"

"मला काय माहीत," मी म्हणालो. त्याचा चेहरा पडलेला पाहून मला इतका आनंद झाला की चहाचे पैसे मीच दिले.

फायनलला मैदान खचाखच भरलं होतं. तात्यासाहेब माझ्या शेजारी, टॉवेलचं टोक दातांत धरून. छावणीवाले एरवी चढाई करणारे, पण त्या दिवशी पाऊल पुढं टाकेनात. नजर सारखी आमच्या बाकाकडं, तो तगडा गडी कधी उतरतोय म्हणून. बाकावर होता कोण, तर पाठीत उसण भरलेला आमचा एक पेंटर!

दहा मिनिटं उरली असताना आम्हाला कॉर्नर मिळाला. सांडू त्या गुडघ्यावर उडाला आणि डोक्यानं बॉल जाळ्यात घातला. गोल! सगळं मैदान उसळलं. तात्यासाहेब ताडकन उठले, तोंड उघडलं, आणि स्वतःच दोन्ही हातांनी दाबून धरलं. त्या क्षणी मला माझ्या सासऱ्यांचं फार प्रेम वाटलं.

मग बद्रीनाथला जाग आली. त्याचा एक फटका खांबाला लागला. दुसरा सांडूनं गोलरेषेवर आडवं पडून काढला. तात्यासाहेबांनी माझं मनगट इतकं आवळलं की बोटं बधिर झाली. आणि शिट्टी वाजली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी, तोंड अजून बंद.

"वाजली मामा, वाजली!"

चार दिवसांचा कोंडलेला आवाज एकदम फुटला. ते धावत गेले, सांडूला उचलायला गेले आणि त्याच्यासकट खाली पडले. कप सांडूच्या हातात आला तेव्हा तो लहान पोरासारखा रडला, मीही रडलो. तेवढ्यात कुणीतरी माइक तात्यासाहेबांच्या हाती दिला.

"हा कप कुणामुळं आला?" ते गरजले. "मी गप बसलो म्हणून आला! अख्ख्या महाराष्ट्रात माझ्यावाणी गप बसणारा मालक दाखवा, मी मिशी काढतो! पुढच्या वर्षी तर असा गप बसन, असा गप बसन, की छावणीवाले मैदानात पाय ठेवायचे नाय!"

बद्रीनाथनं खिशातून मोबाईल काढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. सांडू कप डोक्यावर घेऊन खदखदून हसत होता.

"बोला मामा, बोला!" मी ओरडलो आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.