डालग्यातली जर्सी

आमच्या घरात निळी बादली नाही. निळी चप्पल नाही, निळा पडदा नाही. गॅसचा मोठा सिलिंडर निळा येतो म्हणून आम्ही वर्षानुवर्षं छोट्या हिरव्या सिलिंडरवर भागवलं. तो नेमका सणाच्या दिवशी संपतो आणि आई पातेलं घेऊन शेजारी पळते. या सगळ्याचं कारण आमचे बापाक, म्हणजे माझे वडील. जावा बेटावरच्या सुराबाया शहरात, आमच्या गल्लीत कास्मुरी हे नाव शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झाले, पण खरी नोकरी फुटबॉलच्या मैदानावरची. आमच्या शहराचा संघ हिरवा. हिरव्यांच्या गर्दीतला मोठा ढोल त्यांचा. त्यांनी टिपरू उचललं की सगळं मैदान गप्प होतं.

आणि निळे म्हणजे मलांगचे. मलांग डोंगरात आहे, हवा थंड, सफरचंदं गोड, सगळं चांगलं. फक्त त्यांच्या फुटबॉल संघाचं नाव आमच्या घरात काढायचं नाही. बापाक त्यांना नुसतं 'ते' म्हणतात.

अख्ख्या सुराबायात मुली कमी पडल्या म्हणून की काय, माझ्या धाकट्या भावाने, बागासने, लग्न केलं ते मलांगच्या मुलीशी. नास्तिती गुणाची आहे, माझा तिच्यावर जीव आहे, पण तिचे वडील पाक वागिमान, म्हणजे वागिमानराव, आमच्या बापाकांइतकेच वेडे, फक्त रंग उलटा. लग्नाच्या फोटोत दोघे व्याही उभे आहेत ते मधे अख्खं वऱ्हाड ठेवून. त्यानंतर वागिमान कधी आमच्याकडे फिरकले नाहीत. मलांगची गाडी नंबरच्या पाटीवरून ओळखू येते, आणि तसली पाटी घेऊन आमच्या भागात शिरायला छाती लागते. किनांती झाली तेव्हा नातीचं तोंड त्यांनी फोनवरच पाहिलं.

नास्तितीने हे कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. मला ती म्बाक, म्हणजे ताई म्हणते; एकदा कांदे चिरताना म्हणाली, "म्बाक, माझे वडील एकदा या घरात पोटभर जेवू देत आणि हसत परत जाऊ देत. मला दुसरं काही नको." मी म्हटलं, "कांद्याने रडतेस की बापासाठी?" ती म्हणाली, "दोन्हीसाठी." तिची आई वारली आहे. बाप एकटाच उरला आहे, हे सांगायला नको.

मग किनांतीच्या पावलाचा दिवस आला. आमच्याकडे मूल आठव्या महिन्यात येईपर्यंत त्याचा पाय मातीला लागू देत नाहीत. कडेवर, मांडीवर, चटईवर, पण जमिनीवर नाही. मग एक दिवस गल्ली जमते, म्हाताऱ्या बायका मंत्र पुटपुटतात आणि मुलाची जमिनीशी ओळख करून देतात. मी आजवर असे कितीतरी सोहळे पाहिले, नटूनथटून गेले, जेवून आले. पण त्या सकाळी गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजी, म्बाह तुमिनी, यांनी आमच्या किनांतीचे पाय फुलांच्या पाण्यात धुतले, चिकट भाताच्या रंगीत वड्यांवरून तिला चालवलं, उसाच्या शिडीवर चढवलं, आणि मग अंगणातल्या ओल्या मातीवर ते इवलंसं पाऊल टेकवलं. किनांतीने बोटं आवळली. खाली पाहिलं. पुन्हा बोटं उघडली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून माझ्या अंगावर काटा आला. एवढी मोठी पृथ्वी, आणि ती या पोरीला आत्ता कळली! मी तोंडावर पदर घेतला, कारण गल्लीत मी तिखट म्हणून प्रसिद्ध आहे आणि ती अब्रू मला राखायची होती.

पाक वागिमान आले होते. सफरचंदांचा जुना टेम्पो घेऊन, नंबरच्या पाटीला चिखल फासून. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली आणि बाटिकचा करडा शर्ट घालून, बगलेत कागदी पुडकं धरून, भिंतीला चिकटून उभे राहिले. बापाकांनी त्यांना "या" म्हटलं. त्यांनी "आलो" म्हटलं. नास्तितीने कानांत प्राण आणून ते दोन शब्द ऐकले.

आता डालग्याचा विधी राहिला होता. कोंबड्या झाकायचं बांबूचं मोठं डालगं, रंगीत कागदांनी सजवलेलं. त्यात वही, आरसा, फूटपट्टी, कापूस, अंगठी अशा वस्तू मांडतात आणि मुलाला आत बसवतात. मूल जे उचलेल तसं त्याचं आयुष्य, असं आम्ही मानतो. दोन्ही घरांकडून एकेक वस्तू पडावी लागते. आमच्या बाजूने बापाकांनी लाकडी क्रेन ठेवली होती, स्वतः कोरलेली.

"आईच्या घरचं काय?" म्बाह तुमिनींनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता वागिमानांच्या बगलेतलं पुडकं दोन्ही हातांनी घेतलं. त्यांना वाटलं, हेच ते. वागिमानांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. वडीलधाऱ्या बाईने दोन्ही हात पुढे केल्यावर वस्तू मागे ओढायची, हे आमच्या जावानी माणसाला जमत नाही. जीव गेला तरी जमत नाही. म्बाहने कागद उलगडला आणि आतलं कापड डालग्यात मधोमध पसरलं.

निळी जर्सी. एवढीशी. छातीवर 'त्यांच्या' संघाचं चिन्ह, सिंहाचं तोंड.

गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. मग रिक्षावाला गेन्तो खिंकाळला, "म्बाह, झाकण लावा पटकन, वास येतोय!" दोघं-तिघं हसले. "ए गेन्तो, सुनेचे वडील आहेत ते!" माझी आई ओरडली. "म्हणून तर नुसतं वास येतोय म्हटलं, आग नाही लावली," गेन्तो म्हणाला.

वागिमान कमरेत वाकले. "माफ करा. ते इथलं नव्हतं. मी मुलीला एकटीला देणार होतो. पोर मलांगला आली की घालायला, म्हणून..."

बापाकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला ती खूण लहानपणापासून ठाऊक आहे; त्यानंतर घरात काहीतरी फुटतं.

"काढा ते," बापाक म्हणाले.

"काढत नाही," म्बाह तुमिनी म्हणाल्या. "डालग्यात पडलेलं लेकरानेच बाहेर आणायचं. दुसऱ्याने काढलं तर तिच्या नशिबातलं काढलं. काढायचंय तुला, कास्मुरी? ये, काढ."

बापाक एक पाऊल मागे सरले. म्बाहने किनांतीला आत बसवलं आणि डालगं झाकलं.

किनांतीने बांबूच्या पट्ट्या पाहिल्या आणि असा टाहो फोडला की ज्याचं नाव ते. श्वास आत गेला तो बाहेर येईना, ओठ काळेनिळे. नास्तिती धावली, पण तिचेच हात लटलट कापत होते. म्बाहने तिला अडवलं. "तू थरथरतेस, ती आणखी घाबरेल. पोर कुणाजवळ गप्प राहते?"

सगळ्या गल्लीला उत्तर माहीत होतं. रोज संध्याकाळी उंबऱ्यावर बसून तिला खांद्यावर घेऊन कोण थोपटतं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

"मग, कास्मुरी? आमंत्रण देऊ का?"

आणि आमचे बापाक, क्रेनच्या केबिनमध्येही मावत नाहीत म्हणून तिरके बसणारे, कोंबड्यांच्या डालग्यात शिरले. चौघांनी डालगं उचललं, बापाक गुडघे पोटाशी घेऊन बसले, चौघांनी वरून ठेवलं. एरवी मी हसून लोळले असते. त्यांनी किनांतीला मांडीवर घेतलं आणि पाठीवर दोन बोटांनी ठेका धरला. मैदानावरचाच, हिरव्यांचा, पण इतका हळू की आम्हाला फक्त दिसत होता. पोरीचा श्वास परत आला. हुंदका आला, मग जांभई आली.

मग ती मांडीवरून उतरली. आरशाला हात लावला आणि सोडला. क्रेन उलटी केली. आणि सरळ रांगत जाऊन निळी बाही पकडली. जर्सी तोंडावर ओढली, खाली केली, आजोबांकडे पाहिलं, आणि खुदकन हसली. पुन्हा तोंडावर. पुन्हा खाली. तिच्या लेखी तो लपाछपीचा खेळ होता.

मी बापाकांकडे पाहायला धजले नाही. वागिमानांकडे पाहिलं, तर ते भिंतीजवळ नव्हते. माणसांच्या मागून, खांदे पाडून, टेम्पोकडे चालले होते. त्यांना वाटलं असणार, पोरीने ती उचलली म्हणजे आता तिचंच वाटोळं केलं आपण. नास्तितीने त्यांना पाहिलं. ते गेले असते तर पुन्हा या गल्लीत कधीच आले नसते, हे तिला कळत होतं आणि मलाही.

तेवढ्यात डालगं वाजलं.

बापाक तळव्यांनी बांबूवर वाजवत होते. आधी मला वाटलं, संतापाने. मग गेन्तोने आ वासला. तो ठेका आमचा नव्हता. दोन लांब, तीन तोकडे, मधे एक ठोका गाळलेला. पूर्वी 'ते' आमच्या मैदानावर यायचे तेव्हा समोरच्या बाजूने हाच उठायचा आणि आम्ही त्याच्यावर शिट्ट्या मारायचो. बापाकांना तो येत होता. गाळलेल्या ठोक्यासकट, न अडखळता, एखाद्या मलांगच्या माणसाने वाजवावा तसा. इतकी वर्षं बापाक निळ्यांचा ढोल बुडवायला स्वतःचा बडवत होते, आणि कान मात्र सगळं ऐकत होता! माझ्याच बापाला मी ओळखत नव्हते. खरं सांगते, मैदानावर हजारोंनी त्यांचा जयजयकार केला तेव्हा ते मला एवढे मोठे कधी वाटले नव्हते.

वागिमान थांबले होते. त्यांचा हात टेम्पोच्या दारावर होता. त्यांनी मागे वळून पाहिलं.

"डालगं काढा," आतून आवाज आला. "पाठ मोडली माझी."

चौघांनी ते उचललं. बापाकांनी जमिनीवर बसूनच नातीचा फुलांच्या पाण्याने भिजलेलं झबलं उतरवलं. मग ती निळी जर्सी हातात घेतली, झटकली, पुढची-मागची बाजू पाहिली. मोठ्या बोटांना तो गळा उघडेना. एक हात घातला, दुसरा हात सापडेना, पोरगी वळवळत राहिली. शेवटी सिंहाच्या वर किनांतीचं डोकं बाहेर आलं.

बापाकांनी तिला उचलून सगळ्यांसमोर धरलं.

"काय बघताय रे? माझी नात आहे. निळ्यातसुद्धा माझीच आहे."

गेन्तोने डोक्यावरची हिरवी टोपी काढली. का काढली, त्यालाही माहीत नसावं.

वागिमान परत आले. प्रत्येक पावलाला थबकत, अगदी समोर येईपर्यंत. बापाकांनी पोरगी त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिला पहिल्यांदाच घेतलं होतं. किती वजन असतं, धरायचं कसं, काही सुचेना. बाह्या तिच्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या, त्याच ते पुन्हा पुन्हा दुमडत राहिले.

"थोडी मोठीच आणली गेली," ते कसंबसं म्हणाले.

"वाढेल ती," बापाक म्हणाले. "तोवर माप बघायला येत जा."

मग त्यांनी मला जेवणाची पानं मांडायला सांगितली, आणि व्याह्यांचं पान आपल्या शेजारी.