पाण्यामागची खोली

दुपारी जरा डोळा लागला की बिबीजानला तिचा धाकटा भाऊ दिसायचा. खांदे भिजलेले, केसांतून पाणी निथळतंय आणि तो हसत हाक मारतोय, "आपा, आत ये की. हितं कोरडं हाय." ती दचकून उठायची, तर अंगणात लख्ख ऊन आणि वाऱ्यावर खुळखुळणाऱ्या शेवग्याच्या वाळक्या शेंगा.

जाफर जर्मनीत वारला त्याला चार वर्षं होत आली होती. आई लवकर गेली, म्हणून बिबीजाननंच त्याला अंगाखांद्यावर वाढवलं. शाळा सुटली की पोरगं घरी यायचंच नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर जुना बंधारा आहे, त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आणि त्यात खिडक्यांची एक खोली. नदी चढली की पाणी बंधाऱ्यावरून खाली झेपावतं, अन् खोलीत बसणाऱ्याच्या डोळ्यांपुढं नुसता पाण्याचा पडदा हलत राहतो. तिथं बसून जाफर उजेड बघायचा. पुढं हैदराबादेत शिकला, मग जर्मनीला गेला. थेंबातून जाताना उजेडाचे रंग कसे फुटतात, यावर त्यानं केलेलं काम मोठमोठी माणसं वाचू लागली. त्याची कबरही तिकडंच झाली. बिबीजानला फूल ठेवायला चिमूटभर मातीसुद्धा मिळाली नाही.

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या पुढच्या साली श्रावणात शाळेतल्या चारुशीलाबाई तिच्या दारात आल्या. त्या मूळच्या तुळजापूरच्या, पण आता गावच्याच झालेल्या.

"खाला, गावानं एक ठरवलंय," त्या ओट्यावर टेकत म्हणाल्या. "पाणीमहालातल्या त्या खोलीला जाफरसाहेबांचं नाव द्यायचं. वरून परवानगी आली. फक्त जुन्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही म्हणाले. पाटी तिवईवर ठेवू."

"नको," बिबीजान म्हणाली.

"का हो?"

"ती खोली पाण्याची हाय, बाई. माझ्या भावाची कशी व्हईल?"

खरं कारण तिनं ओठांवर येऊ दिलं नाही. जाफर गेल्याची तार आली होती, पण तारेवर कुणी मरत नसतं. तार पेटीत ठेवता येते, वर कपडे रचता येतात. पाटीवर नाव चढलं, लोकांनी हार घातला, म्हणजे मग माणूस खरंच गेला.

चारुशीलाबाईंनी आग्रह केला नाही. चहा घेतला, शेवग्याला यंदा बहर किती आला ते विचारलं. उठता उठता मात्र म्हणाल्या, "आमच्यात बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. या खोलीला दुसरी आत्या कुठून आणू मी?"

"आत्या म्हंजी बापाची बहीण असती, बाई."

"मग झाले की जाफरसाहेब खोलीचे बाप!"

बिबीजानला हसू फुटलं. किती दिवसांनी, ते तिचं तिलाच आठवेना. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "येते. पण मला भाषण न्हाय जमायचं."

भाषण कुणालाच जमलं नाही. नाव द्यायच्या दिवशी बोरीला असं पाणी आलं होतं की किल्ल्यात शिरतानाच पायाखालची जमीन घुमत होती. पायऱ्या उतरून सगळे खोलीत आले. गावचे सरपंच अंबादासराव गळ्याच्या शिरा ताणून बोलू लागले. त्यांचे ओठ हलत होते, हात वर जात होता, आणि ऐकू येत होतं फक्त पाणी. थोड्या वेळानं ते स्वतःच थांबले, कसनुसं हसले आणि इतरांसारखे खिडकीकडं बघत राहिले.

पाण्यामागून ऊन आलं होतं. छतावर, भिंतींवर, बायकांच्या पदरांवर उजेड मासोळीसारखा सळसळत होता. बाहेर एवढा गोंधळ, अन् खोलीतली फरशी कोरडी ठणठणीत. बिबीजाननं खाली बसून ती तळव्यानं चाचपली. लहानपणी किती वेळा बोलावलं असेल जाफरनं, आणि आपण स्वयंपाकाचं निमित्त काढून एकदाही आलो नाही.

चारुशीलाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. बिबीजान उठली, भिंतीपाशी गेली, थंडगार दगडाला ओठ टेकवले आणि म्हणाली, "जाफर."

मागं फुलवाली नीलम्मा उभी होती. तिनं खुणेनं विचारलं, काय म्हणालात? बिबीजान तिच्या कानाशी लागली. नीलम्मानं मान डोलावली आणि शेजारणीच्या कानात सांगितलं. तिनं पुढच्या बाईला. असं ते नाव एकेका कानातून साऱ्या खोलीभर फिरलं. ज्याला कळेल त्याचा चेहरा क्षणभर उजळायचा. बिबीजान ते चेहरे बघत होती. तिचा भाऊ जणू एकेकाच्या घरी जाऊन बसत होता.

मग तिनं दोन्ही तळवे वर केले आणि गेलेल्या भावासाठी फातेहा पढली. चार वर्षांत पहिल्यांदा. नीलम्माला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, पण तिनं आपले हात जोडले आणि बिबीजानचं होईस्तोवर तसेच ठेवले. परतीच्या पायऱ्या चढताना बिबीजानचं अंग तापातून उठल्यासारखं हलकं झालं होतं.

पाटीचा रंग दमटपणानं दिवाळीपर्यंतही टिकला नाही. अंबादासरावांनी ती दोनदा रंगवून घेतली, मग नाद सोडला.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी बिबीजान दारात तांदूळ निवडत बसली होती. अणदूरकडून एक बैलगाडी आली, बाया-पोरांनी गच्च भरलेली. पुढं बसलेली बाई ओणवून विचारू लागली, "ओ मावशी, जाफरची खोली कुण्या अंगाला हाय? पाण्याच्या मागं हाय म्हनं."

बिबीजानच्या हातातलं सूप थांबलं. तिनं त्या अनोळखी बाईकडं नीट पाहिलं.

"सरळ जावा," ती म्हणाली. "दरवाजातून आत गेलं की पाण्याचा आवाज येईल. त्याच्या मागं मागं जावा. आन् पोरींनो, पायऱ्या शेवाळल्यात, हात धरून उतरा."

गाडी वळणाआड जाईस्तोवर ती बघत राहिली.