फेरविचाराचा ठराव

व्हर्नन उनरूने हिरव्या बटणावरचे बोट उचलले आणि लाल बटण दाबले.

विधानसभेच्या सभागृहात समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या फलकावर त्याच्या नावापुढचा दिवा हिरव्याचा लाल झाला. शेजारच्या बाकावर बसणाऱ्या ग्लेन होस्टेटलरने चष्मा कपाळावर सरकवला, आधी फलकाकडे पाहिले, मग व्हर्ननकडे.

"व्हर्न, विधेयक तुझंच आहे. विसरलास की काय?"

"हरतंय ते. तीन मतं कमी पडतायत."

"म्हणून तूही त्याला लाथ घालायची?"

"संध्याकाळी पुन्हा मांडायचंय मला. हिरवं दाबून बसलो तर कसं मांडणार?"

ग्लेनने जरा विचार केला आणि चष्मा पुन्हा नाकावर आणला. नियम जुना होता. झालेल्या मतदानाचा फेरविचार मागायचा, तर मागणारा जिंकलेल्या बाजूचा असावा लागतो. हरलेल्याला ती मुभा दिली तर तो रोज उठून तेच मागत बसेल. दर निवडणुकीनंतर नवे आमदार आले की व्हर्नन त्यांना हा नियम समजावून सांगे, घाई न करता, रविवारी चर्चमध्ये मुलांना गोष्ट सांगावी तसा. "आपलं विधेयक बुडताना दिसलं तर रुसून बसू नका," तो म्हणे. "बुडवणाऱ्यांच्या नावेत जाऊन बसा. वल्ही त्यांच्याकडे असतात."

तीन आमदार सकाळीच एका अंत्यविधीला गेले होते. तिघेही व्हर्ननच्या बाजूचे. संध्याकाळी ते परतले की हिशेब जुळणार होता.

अधिवेशनाचा हा शेवटचा दिवस होता, आणि विधेयक होते लहान गावांतल्या इस्पितळांना राज्याने हात देण्याचे. ते झाले नाही तर मार्टेल काउंटीचे इस्पितळ जूनअखेर बंद होणार होते. मग त्या लोकांना सर्वांत जवळचे इस्पितळ म्हणजे गव्हाच्या शेतांमधून दीड तासाचा रस्ता. मार्टेल ही व्हर्ननची काउंटी, त्याचा मतदारसंघ.

बावीस वर्षांपूर्वी त्याने आपल्या धान्याच्या ट्रकवर रंगवून घेतले होते : 'सरकार लहान, शेजार मोठा'. त्या एका वाक्यावर तो निवडून आला आणि त्या वाक्याशी इमानाने राहिला. नव्या खर्चाचे विधेयक आले की त्याचा दिवा लाल. ग्रंथालये, बसगाड्या, शहरातल्या गरिबांचे दवाखाने, सगळ्यांना लाल. स्वतःवरही त्याने कधी कुणाला खर्च करू दिला नाही. कंपन्यांची माणसे आमदारांना जेवायला नेत तेव्हा हा आपल्या बाकावर बसून बायकोने, आर्लीनने, दिलेला डबा उघडी. डब्यात कोबी आणि खिमा भरलेले पाव. विरोधी बाजूचे लोकही म्हणत, व्हर्नचे मत विकत मिळत नाही आणि फुकटही मिळत नाही.

मतदान संपले. विधेयक पडले. व्हर्नन उठून बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी गेला. तिथे बहुमताचा नेता डग प्रूइट पेल्यात साखर ढवळत उभा होता.

"संध्याकाळी फेरविचार मागणार आहे मी, डग. आधी सांगून ठेवतो."

"मागा की. हक्क आहे तुमचा." प्रूइट ढवळत राहिला. "एक विचारू, व्हर्न? मी पहिल्यांदा निवडून आलो तेव्हा त्या जिन्यावर बसवून काय सांगितलं होतंत मला? प्रत्येकाला आपल्या गावाचा खर्च गरज वाटतो, आणि दुसऱ्याच्या गावाचा उधळपट्टी."

"सांगितलं होतं."

"मग?"

"इस्पितळ आहे रे ते."

"दवाखान्यांच्या वेळी शहरातल्या त्या बाई असंच म्हणाल्या होत्या. तुम्ही लाल दाबलंत. मीही दाबलं, तुमच्याकडे बघून."

व्हर्ननने रिकामा पेला यंत्राखाली ठेवला, पण बटण दाबले नाही.

"जेवणानंतर बघू," प्रूइट म्हणाला, आणि त्याच्या खांद्यावर हलकेच थोपटून आत गेला.

त्या सभागृहात नेत्याने 'जेवणानंतर' म्हटले की तो शब्द धरून चालायचे, अशी रीत होती. निदान व्हर्ननने बावीस वर्षे ती तशी धरली होती. त्याने अर्ज लिहून खिशात ठेवला.

जेवणाची सुट्टी झालीच नाही. उन्हे तिरपी होता होता प्रूइट उभा राहिला आणि अधिवेशन संपवण्याचा ठराव त्याने मांडला. हा ठराव आला की बाकी सगळे ठराव मागे पडतात. हेही व्हर्नननेच कित्येकांना शिकवले होते. तो हात वर करून उभा राहिला. सभापतींनी उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले, मध्ये पाहिले नाही. सगळ्यांनी 'होय' म्हटले, हातोडा पडला, आणि दरवर्षीच्या प्रथेप्रमाणे आमदारांनी आपापल्या बाकावरचे कागद छताकडे उधळले.

ते तीन आमदार काळ्या कोटात दारातून आत आले तेव्हा कागद अजून खाली येत होते.

"बस खाली, व्हर्न," ग्लेन म्हणाला. "हात दुखेल."

गावाकडचा रस्ता लांबचा. व्हर्नन गाडी चालवताना मोठ्याने बोलत होता. आधी नियम सांगायचा, मग तीन मते, मग तो अंत्यविधी. नाही, आधी अंत्यविधी. लोक चिडतील, त्यांना बोलू द्यायचे. शेवटी म्हणायचे, मी वाचवायलाच निघालो होतो. गव्हाची गोदामे दिसू लागली तोवर त्याचे सगळे नीट बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाक्यावरच्या कॅफेत गेला. खिडकीजवळच्या टेबलावर नेहमीची माणसे होती. बियाण्यांच्या कंपन्यांच्या टोप्या, आणि त्यांच्या मधोमध ऑर्विल डर्क्स, शाळेपासूनचा मित्र.

"या आमदारसाहेब," लीरॉय म्हणाला. "टोपी काढू की जोडा?"

"ठरवा तुम्हीच," व्हर्नन म्हणाला आणि खुर्ची ओढली.

"पेपरात आलंय तुझं लाल मत," ऑर्विल म्हणाला. "नॉर्माने वाचून दाखवलं. हल्ली अक्षर फार बारीक छापतात मेले."

"ऑर्विल, त्या मताचं असं आहे की—"

"थांब. आधी मला बोलू दे." ऑर्विलने कप बाजूला सारला. तो सारताना बशीला लागला आणि थोडी कॉफी सांडली. "मी या सगळ्यांना सांगत होतो, यंदा व्हर्न मऊ पडणार. इस्पितळ आपलं, माणसं आपली. हा लीरॉय तर त्यावर पैज लावायला निघाला. पण नाही पडलास. आपल्याच दारातलं असलं तरी लाल ते लाल. असा एक तरी माणूस आहे तिथं."

त्याने टेबलावरून हात पुढे केला.

"पैज मी पण मऊचीच लावली होती," लीरॉय म्हणाला. "आजचा केक माझ्याकडून. सफरचंदाचा. चेरीचा मागू नका."

लोक हसले. व्हर्नन हसला नाही.

"नॉर्माच्या डायलिसिसचं काय?" त्याने विचारले.

"नेईन की मी. आठवड्याला तीन खेपा. बायको माझी आहे, सरकारची नाही. माझ्या कोठाराच्या भिंतीवर अजून आहे तुझं वाक्य. दर दोन वर्षांनी रंग देतो त्याला."

"तुला दिसतं का नीट?"

"रस्ता सरळ आहे. बघायचंय काय त्यात?"

"मी नेत जाईन तिला."

"वेडा आहेस का? मग राज्य कोण चालवणार, लीरॉय?"

पुन्हा सगळे हसले. ऑर्विलचा हात अजून टेबलावर होता, उघडा, तळव्यावर जुन्या कामाचे घट्टे. व्हर्ननला जे सांगायचे होते ते चार वाक्यांत सांगण्यासारखे होते. काल निवडून आलेल्या पोरांनाही ते कळत असे.

त्याने तो हात हातात घेतला.

कॅफेतून निघताना ऑर्विल आपल्या पिकअप गाडीच्या अंगावरून तळवा फिरवत दारापर्यंत गेला, मूठ सापडेपर्यंत. मग आत बसला आणि गाडी मागे घेताना कचऱ्याच्या डब्याला खेटून बाहेर पडला.

घरी आर्लीन भांडी पुसत होती.

"सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"खूश होता तो."

आर्लीनने पुसलेली बशी पुन्हा पुसली आणि फडताळात ठेवली. तिला खरे काय ते माहीत होते. काउंटीत तेवढ्या एकाच माणसाला माहीत होते.

जूनअखेर इस्पितळाच्या दारावरचा तांबडा दिवा कुणीतरी शिडी लावून उतरवला. ऑगस्टमध्ये पक्षाच्या उमेदवारीसाठी व्हर्ननच्या विरुद्ध कुणी उभेच राहिले नाही. नोव्हेंबरात तो नेहमीपेक्षा जास्त मतांनी आला. लोक रस्त्यात थांबवून हात मिळवत. म्हणत, तुझ्यासारखा तूच.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी अंधार असतानाच ऑर्विलची पिकअप गावाबाहेर पडे. व्हर्नन चर्चच्या मागे गाडी घेऊन उभा असे. ती पुढे गेली की तो मागे निघे, बरेच अंतर ठेवून. ऑर्विलला आरशात दिसू नये म्हणून, असे तो स्वतःला सांगे. वास्तविक ऑर्विलला आरशात काहीच दिसत नव्हते. पिकअप हळूहळू मधल्या पिवळ्या रेषेकडे झुकू लागली की व्हर्नन एकदा हॉर्न वाजवी. ऑर्विल सरळ होई, आणि स्टिअरिंगवरचे एक बोट उचली, त्या भागात येणाऱ्याजाणाऱ्याला उचलतात तसे. कोणीतरी ओळखीचे माणूस रामराम करून गेले, असे त्याला वाटत असावे.

तिकडच्या इस्पितळाच्या आवारात, नॉर्माचे आटोपेपर्यंत, व्हर्नन गाडीतच बसून राही. आर्लीन डबा देई, तो कधी उघडी, कधी नाही. ऑर्विल बायकोला हाताला धरून दारापर्यंत नेई. कोण कुणाला नेते आहे हे लांबून ओळखता येत नसे.

अधिवेशन जानेवारीत सोमवारी सुरू होणार होते. शपथ दुपारी होती. व्हर्ननने कोट मागच्या सीटवर टांगला, बॅग ठेवली, आणि तरीही पहाटे चर्चच्या मागे जाऊन उभा राहिला. रस्त्यावर धुके होते आणि बारीक बर्फ उडत होता. गावापासून फाट्यापर्यंत पिकअप तीनदा रेषेवर गेली. तीनदा त्याने हॉर्न वाजवला, तीनदा बोट वर झाले.

फाट्यावर रस्ता दोन्हीकडे फुटतो. डावीकडे इस्पितळ, उजवीकडे राजधानी. पिकअप न थांबता, वळणाचा दिवा न लावता डावीकडे वळली. तिचे मागचे दोन दिवे काही वेळ दिसले, मग एकच दिसला, मग नुसते धुके.

व्हर्नन 'थांबा'च्या पाटीपाशी गाडी घेऊन उभाच राहिला. मागे गुरांचा एक ट्रक येऊन थांबला. ट्रकवाल्याने बराच वेळ वाट पाहिली, आणि मग, घाई नाही अशा बेताने, हॉर्न दिला.

व्हर्ननने उजवीकडच्या वळणाचा दिवा लावला.