अकरावी नळी

"मामा, भरलीय हो ती नळी! चला पुढे, क्रेनवाला डोकं खातोय," जावई ओरडला. साइटवर तो मुकादम, सासरे त्याच्या हाताखाली.

मामा खांबाच्या पायथ्याशी उकिडवे बसले होते. कारखान्यात तयार झालेला खांब सकाळीच जागेवर उभा केलेला. जमिनीतून वर आलेल्या सोळा सळ्या त्याच्या पोटातल्या सोळा नळ्यांत शिरल्या होत्या. प्रत्येक नळीत खालच्या भोकातून पंपाने सिमेंटचा पातळ मसाला भरायचा, वरच्या भोकातून बाहेर आला की बूच मारायचं. मसाल्याने सळई धरली तर खांब पक्का. नाहीतर नुसता टेकवून ठेवलेला.

मामा पाणी प्यायला गेले तेवढ्यात अकराव्या नळीचं वरचं भोक कोणीतरी छान लिंपून टाकलं होतं. त्यांनी खिशातली तार आत खुपसली. वीतभर गेली आणि कोरडी बाहेर आली.

"जावईबापू, हे काय? भिंतीतलं खिळ्याचं भोक बुजवताय होय?"

"सोळातली एक, मामा! काल तुम्ही रजेवर होतात, मी एकट्याने अख्खा खांब दोन तासांत भरला. साहेब खूश झाले. तुम्हाला इथे मी चिकटवलंय, निदान माझ्या तोंडाकडे तरी बघा!"

"तुमचं तोंड बघून सळई धरणार आहे का? मसाला आवळून घट्ट झाला की संपलं, मग फोडण्याशिवाय इलाज नाही. पाणी आणा!"

जावयाने कपाळाला हात लावला, पण पाइप आणला. नळी धुताना आतून कारखान्यातच अडकून राहिलेला थर्माकोलचा बोळा निघाला. पुन्हा भरून, वरून मसाला बोटांवर येऊन बूच बसेपर्यंत दुपार उलटली. क्रेन तीन तास उभी.

संध्याकाळी जावई खाली बघत म्हणाला, "साहेब म्हणतात, उद्यापासून..."

"कळलं. अठ्ठावीस वर्षं नळ्या भरल्या, आणि घरी कोणी बसवलं? थर्माकोलच्या बोळ्याने!" मामा भयंकर चिडले होते. तरी तार पुसून त्यांनी जावयाच्या हातात दिली. "प्रत्येक वरच्या भोकात घालून बघत जा."

आपली बादली उचलून ते फाटकापर्यंत गेले, आणि सवयीने मागे वळून पाहिलं. जावई कालच्या खांबापाशी उकिडवा बसला होता. तार हातात तशीच. लिंपलेल्या भोकांवरून तो नुसता अंगठा फिरवत होता.

"अरे देवा," मामा म्हणाले आणि त्यांनी बादली खाली ठेवली.